शेठजींचं पाणी

नोजीबाईच्या हाताखाली जे वाढलं त्याला लाड माहीत नव्हते. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि गच्चीवरच्या झाडांना तर मुळीच नाही.

नंदुरबारच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. खाली दुकान, वर घर, घराच्या डोक्यावर गच्ची. नवरा जवरीलालजी गेले त्या वर्षी सुरतेच्या मावसबहिणीने तिला चिमूटभर अडेनियमच्या बिया दिल्या. वाळवंटातलं झाड. खाली माठासारखा फुगलेला बुंधा, वर दोनचार वाकड्या फांद्या, आणि ऐन मे महिन्यात गाव करपत असताना अंगभर गुलाबी फुलं. चार महिने वेळ जाईल म्हणून तिने बिया पेरल्या, आणि पुढच्या काही वर्षांत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

तिची पद्धत कडक होती. तापीची जाड वाळू, विटांचा चुरा, कोळशाची भरड आणि मूठभर जुनं शेणखत. दर होळीच्या सुमारास झाड कुंडीतून उपसायचं, मुळं धुवायची, बारीक मुळं कात्रीने छाटायची, जखमांना हळद चोपडायची आणि त्या सुकेपर्यंत झाड सावलीत तसंच उघडं टाकायचं. पुन्हा लावताना दोन बोटं वर उचलून लावायचं, म्हणजे मातीतलं पोट दरवर्षी थोडं थोडं बाहेर येतं. छाटताना पांढरा चीक निघतो, तो विषारी. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. आणि पाणी हा तर तिचा खास विषय. पानांनी माना टाकल्यावरच द्यायचं. थंडीत थेंब नाही. थंडीत अडेनियम पानं गाळून झोपतं, आणि झोपलेल्या झाडाच्या मुळाशी ओल राहिली की ते आतून कुजतं. बाहेरून कळतही नाही. अंगठ्याने दाबून बघावं लागतं. टणक लागलं तर जिवंत.

पहिल्या बियांतलं एक झाड असं काही फुगलं की त्याच्या बुंध्याला चक्क ढेरी सुटली. जवरीलालजींना होती तशीच, एका बाजूला कललेली. घरात सगळे त्याला शेठजी म्हणायला लागले. नोजीबाईही म्हणायची, आणि म्हणताना हसायची. ती फार थोड्या वेळा हसायची.

सुनेशी मात्र तिचं कधी जमलं नाही. चांदनी धुळ्याहून आली तेव्हा कोवळी पोर होती. या घरात चौविहार पाळत, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही. माहेरी तिला याची सवय नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात तिला सातवा महिना होता. एके दिवशी दिवेलागणीनंतर नोजीबाईने तिला मोरीच्या नळाला ओंजळ लावून पाणी पिताना पकडलं. तिने आवाज चढवला नाही. सासरे तेव्हा हयात होते, त्यांना बोलावलं, दिरांना बोलावलं, दुकानातल्या मुनीमजींनाही वर बोलावलं. सगळ्यांसमोर चांदनीला उभं केलं आणि मारवाडी घरात सुनेला हाक मारतात तशी हाक मारून विचारलं, "सांग, बिनणी, काय करत होतीस?"

चांदनीच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. तिने ते पुसलं नाही. "पाणी पीत होते," ती म्हणाली.

"कसं?"

"ओंजळीने."

"गुरासारखं," नोजीबाई म्हणाली, आणि सगळ्यांना जायला सांगितलं.

तेव्हा चांदनीच्या पोटात असलेली मुलगी आता पुण्याला शिकायला होती, इतकी वर्षं लोटली. नोजीबाईला त्या संध्याकाळचं कधी वाईट वाटलं नव्हतं. घराला वळण लागतं ते असंच, असं तिला वाटे.

मग मागच्या भाद्रपदात नोजीबाईला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं बंद पडलं. डोकं मात्र लखलखीत राहिलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "पाणी जपून द्या. गिळताना ठसका लागेल. घोट घोट द्या, पण दिवसभर देत राहा."

चांदनीने त्यातलं 'जपून' तेवढं लक्षात ठेवलं.

गच्चीला लागून एक खोली होती, तिथे नोजीबाईची खाट टाकली. वर हवा चांगली, असं चांदनीने नवऱ्याला सांगितलं. अभिनंदनला पटलं. दुकान, बँक, माल आणि लग्नसराई यांच्या पलीकडचं त्याला सगळंच पटायचं. तो सकाळी दुकानात जाण्याआधी वर यायचा, आईच्या पायांना हात लावायचा, "कशी आहेस, बाई?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरायचा.

सुरुवातीला गोष्ट साधी होती. पाणी जास्त झालं की चादर ओली व्हायची आणि ओली चादर चांदनीला बदलावी लागायची. म्हणून तिने पाणी कमी केलं. मग आणखी कमी केलं. सकाळी चहा, दुपारी पातळ वरणाच्या दोन वाट्या, आणि मध्ये एक पेला पाणी. दिवस मावळला की चांदनी खोलीचं दार ओढून घेताना म्हणायची, "चौविहार, मम्मीजी." हे ती अगदी शांतपणे म्हणायची. नोजीबाईला तो शांतपणा ओळखीचा होता. तो तिचा स्वतःचा होता.

डिसेंबरात नंदुरबारला मिरचीचा हंगाम भरात येतो. गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडते आणि वारा सुटला की तिचा खकाणा गच्चीपर्यंत येतो. ज्याला घसा आहे त्याला तो लागतो. नोजीबाईच्या घशाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटायची. एका सकाळी अभिनंदन आला तेव्हा तिने सगळा जीव एकवटून तोंड उघडलं.

"पा... पा..."

अभिनंदन वाकला. "काय, बाई? पप्पाजी? पप्पाजींची आठवण येते?"

"पाठ म्हणतात त्या," मागून चांदनी म्हणाली. "सकाळचा पाठ लावा म्हणतात. रोज मागतात."

तिने मोबाइलवर स्तोत्र लावलं आणि उशाशी ठेवलं. अभिनंदनचे डोळे भरून आले. "या अवस्थेतसुद्धा," तो म्हणाला आणि हात जोडून खाली गेला. त्या दिवसापासून नोजीबाईने 'पा' म्हटलं की स्तोत्र लागायचं. शेजारच्या बायका भेटायला येत, कान देऊन ऐकत आणि म्हणत, किती पुण्यवान जीव.

घरकामाला रमिलाबाई यायची. तिला स्तोत्र कळत नव्हतं, पण सुकलेले ओठ कळत होते. चांदनी खाली असली की ती आपल्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतून नोजीबाईच्या तोंडाला लावायची. "पी ले, माय, पटकन. भाभी खाले शे." एकदा चांदनी अचानक वर आली. रमिलाबाईच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय, माहीत आहे? ठसका लागून जीव गेला तर तू जबाबदार राहशील?"

"मी चोरी नही करी, भाभी," रमिलाबाई म्हणाली. "पानी दिधं फक्त."

दुसऱ्या दिवसापासून दुसरी बाई आली. ती फक्त खालचं काम करायची.

झाडांकडे चांदनी उत्तम लक्ष देत होती, हे नोजीबाईला कबूल करावं लागलं. इतकी वर्षं शिव्या खात सुनेने सगळं शिकून घेतलं होतं. तिने कलमं केली, एका बुंध्यावर तीन रंगांची फुलं आणली, आणि मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. लोक बघत, विचारत, कुरियरने झाडं मागवत. व्हिडिओत नोजीबाईही असायची. चांदनी तिला धुतलेली साडी नेसवून चाकांच्या खुर्चीत बसवायची, खुर्ची शेठजीच्या कुंडीला खेटून लावायची आणि मोबाइलकडे बघून गोड आवाजात सांगायची, "या माझ्या सासूबाई आणि याच माझ्या गुरू. त्यांनी मला एकच शिकवलं. पाणी कमी द्या, झाड चिवट होतं."

हे म्हणताना ती नोजीबाईच्या खांद्यावर हात ठेवायची. बोटं थोडी रुतायची.

शेठजीच्या कुंडीत तिने मातीवर पांढऱ्या गोट्यांचा थर टाकला होता, फोटोत उठून दिसावा म्हणून. नोजीबाईला ते आवडलं नव्हतं. गोट्यांखाली माती ओली की सुकी हे दिसत नाही. पण सांगणार कसं?

संक्रांतीच्या आधी एक बातमी आली. सुरतेचे नवनीतभाई म्हणून अडेनियमचे मोठे जाणकार होते. त्यांनी शेठजीचा व्हिडिओ बघितला होता. असं वय झालेलं, बियांपासून वाढवलेलं झाड गुजरातेतही कमी असेल, म्हणाले. त्यांना ते प्रदर्शनात मांडायचं होतं, चांदनीच्या नावाने. ते स्वतः येऊन बघणार होते. चांदनी दिवसभर फोनवर होती. माहेरी सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. "माझं झाड," ती म्हणत होती. "मी वाढवलेलं."

नोजीबाई शेठजीच्या कुंडीला खेटून ठेवलेल्या खुर्चीत उन्हात बसून ऐकत होती. तिच्या डाव्या हाताशी स्टुलावर पाण्याचा पेला होता. अभिनंदनला येता-जाता दिसावा म्हणून तो रोज तिथे ठेवला जाई. दिवसातलं तिचं पाणी तेवढंच. तिने पेला उचलला. तिने पाण्याकडे बघितलं. मग तोंडाकडे न नेता हात बाजूला नेला आणि पेला शेठजीच्या गोट्यांवर कलंडवला. पाणी गोट्यांतून खाली गेलं आणि काही दिसेनासं झालं.

त्या दुपारी तिला तहानेने रडू आलं, पण डोळ्यांतून काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच केलं. आधी दोन घोट घेऊन मग ओतायचं, असं तिने ठरवलं होतं. पण घोट घेतल्यावर पेला तोंडापासून हलेना, सगळा संपला. तिला स्वतःचा संताप आला. त्यानंतर तिने पेला तोंडाजवळ नेलाच नाही. हातात आला की सरळ कुंडीत. रात्री सातपुड्याकडून बोचरा वारा सुटायचा, माती गार पडायची, आणि खोलीत अंधारात पडून ती विचार करायची, आता मुळापर्यंत पोचलं असेल. आता बारीक मुळं काळी पडली असतील. आता पोटात शिरलं असेल. तिने इतकी वर्षं ज्या रोगापासून झाडाला वाचवलं, त्याची एक एक पायरी तिला तोंडपाठ होती. शेठजीच्या ढेरीकडे सकाळी बघताना तिला कधी जवरीलालजी आठवायचे आणि ती नजर वळवायची. मग चांदनीचा आवाज जिन्यातून यायचा आणि तिची नजर परत कुंडीवर यायची.

तिला स्वतःलाही किंमत मोजावी लागत होती. ओठ चिरले. लघवीला आग व्हायची. कधीकधी गच्ची तिच्याभोवती हळूच फिरायची आणि भर उन्हात तिला थंडी वाजायची. चांदनीला एवढंच दिसलं की चादर आता कोरडी राहते. ती नवऱ्याला म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं ना, सवय लावली की लागते."

नवनीतभाई सुरतेहून सकाळच्या गाडीने आले. पांढरे कपडे, खांद्याला कापडी पिशवी, वयस्कर माणूस. अभिनंदन त्या दिवशी मुद्दाम दुकान मुनीमजींवर सोपवून वर आला. नवनीतभाईंनी आधी नोजीबाईला वाकून नमस्कार केला. "बा, तुमचं झाड बघायला आलो," ते म्हणाले. बाकी गच्चीकडे त्यांनी नुसती नजर टाकली आणि शेठजीपुढे उकिडवे बसले. चांदनी मोबाइल धरून उभी होती. तिला सगळं टिपायचं होतं.

नवनीतभाईंनी बुंध्याच्या फुगीर बाजूला अंगठा ठेवला आणि दाबला.

अंगठा आत गेला. पिकल्या पपईत जावा तसा, नखापर्यंत. कडेने तपकिरी पाणी आलं, आणि त्याबरोबर वास.

"आ तो गयुं, बेन," ते हळूच म्हणाले. गेलं हे.

चांदनीचा मोबाइल खाली आला. नवनीतभाईंनी पिशवीतून चाकू काढून एक काप घेतला. आत सगळा लगदा होता. त्यांनी गोटे बाजूला केले, मातीत बोट घातलं, बोट वर काढून दाखवलं. चिखल लागला होता. "थंडीत पाणी?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण कडवट झाला. "एवढ्या वर्षांचं झाड. व्हिडिओ करता, लोकांना शिकवता, आणि थंडीत पाणी देता? बांनी जन्मभर सांभाळलं, तुम्ही एका हिवाळ्यात मारलंत."

"मी नाही दिलं," चांदनी म्हणाली. "मी थेंबसुद्धा..."

"मग पाणी आकाशातून पडलं का?" नवनीतभाई उठले. चहालाही थांबले नाहीत. अभिनंदन त्यांना स्टेशनवर सोडायला गेला.

गच्चीवर दोघीच राहिल्या. चांदनी ओल्या मातीकडे बघत होती. मग तिने रिकाम्या पेल्याकडे बघितलं. मग सासूकडे. नोजीबाईच्या तोंडाची चालती बाजू वर गेली होती. ती हसत होती.

"तुम्ही?" चांदनीचा आधी विश्वासच बसला नाही. "तुमचं पाणी? स्वतः न पिता?"

नोजीबाईने होकाराची मान हलवली.

चांदनीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीसं कौतुकच होतं, असं नोजीबाईला वाटलं, आणि त्याने ती सुखावली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सून तिच्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होती. मग चांदनी आत गेली आणि माठातलं गार पाणी कळशीभर घेऊन आली. नोजीबाईच्या समोर उभी राहून तिने ते शेठजीवर ओतायला सुरुवात केली. सावकाश, धार धरून. "प्या, शेठजी," ती म्हणाली. "पोटभर प्या. सासूबाईंनी पाजलंय." कुंडी भरली, वाहू लागली, पाणी फरशीवरून ओघळत नोजीबाईच्या पायांपर्यंत आलं. डाव्या पायाच्या बोटांना ते गार लागलं. तिने वाकायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही. कळशी रिती होईपर्यंत चांदनी थांबली नाही.

त्याच आठवड्यात नोजीबाईची शुद्ध हरपली. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर अभिनंदनवर तडकले. "अंगात पाणीच नाही यांच्या. किडनीवर आलंय. घरात कुणी पाणी देत नाही का?"

अभिनंदन गोंधळून चांदनीकडे बघू लागला. चांदनी रडायला लागली. रडत रडतच तिने सगळं सांगितलं, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. "मी रोज पेला भरून हाताशी ठेवत होते. तुम्ही स्वतः बघितलंय. त्या पीत नव्हत्या. झाडात ओतत होत्या. ते झाड कशाने गेलं, विचारा त्यांना. विचारा."

अभिनंदनला पेला आठवला. रोज भरलेला, संध्याकाळी रिकामा. त्याला चिखल आठवला. तो खाटेशी आला. "बाई, खरं आहे का हे? तू ओतत होतीस?"

नोजीबाईला खूप सांगायचं होतं. चौविहारचं, स्तोत्राचं, रमिलाबाईच्या झाकणाचं. पण तिच्याजवळ एकच अक्षर होतं आणि मान होती. प्रश्न सरळ होता. तिने मान हलवली. हो.

"का पण?" अभिनंदन म्हणाला. तो डॉक्टरांना म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या." डॉक्टरांनीही मान डोलावली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

घरी आणल्यावर ठरलं की यापुढे नोजीबाईच्या हाती पेला द्यायचा नाही. पाणी चांदनीच पाजेल, चमच्याने, स्वतः समोर बसून. अभिनंदनने बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तू आहेस म्हणून."

चाकांची खुर्ची गच्चीवर कपडे वाळवायला उपयोगी पडू लागली. शेठजीच्या वरच्या फांद्या अजून निरोगी होत्या. चांदनीने त्या कापल्या, हळद लावली, सुकवल्या आणि तरुण बुंध्यांवर कलमं बांधली. जवळजवळ सगळी लागली. व्हिडिओत ती म्हणाली, म्हातारं झाड गेलं, पण त्याची लेकरं मी जगवली. लोकांनी डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं. ढेरी मात्र तिने नगरपालिकेच्या कचरागाडीत टाकली. गाडीचं गाणं नोजीबाईला खोलीतून ऐकू आलं.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं. चांदनी दुपारी वाटी आणि चमचा घेऊन खाटेच्या कडेला बसायची. अभिनंदन असला की चमचे भरभरून, तोंड पुसत पुसत. नसला की ती वाटी मांडीवर ठेवून मोबाइल बघत बसायची, आणि मध्येच कधीतरी एक चमचा उचलायची.

नोजीबाईने ठरवलं होतं, आता तोंड उघडायचं नाही. कितीही झालं तरी नाही. दोन दिवस तिने ओठ घट्ट मिटून घेतले. चांदनीने आग्रह केला नाही. चमचा ओठांपर्यंत आणायची, जरा थांबायची, परत वाटीत टाकायची.

तिसऱ्या दिवशी चांदनीने चमचा भरला आणि तो नुसता हवेत धरला, नोजीबाईच्या तोंडापासून हातभर लांब. मोबाइलवरून नजरही वर केली नाही.

"बोला, मम्मीजी, काय हवंय?" ती म्हणाली.

नोजीबाईचं तोंड उघडलं. तिने उघडलं नव्हतं, ते आपोआप उघडलं, आणि जीभ बाहेर आली.